जर्मन दार आणि जपानी खांब

मास्तरांनी आयुष्यात एकाही मुलाला शिकवले नव्हते. तरीही अवघा रस्ता त्यांना मास्तर म्हणत असे, आणि त्याचे कारण त्यांच्या मित्राने फार पूर्वीच सांगून ठेवले होते. शाळेतले मास्तर वाकड्या पोरांना ठोकून सरळ करतात, हे वाकड्या गाड्यांना करतात. फरक एवढाच की पोरे एकदा सुटली की फिरकत नाहीत, गाड्या मात्र पुन्हा ठोकून घ्यायला येतात. अपघातात चेपलेला पत्रा पूर्ववत करणे हा मास्तरांचा व्यवसाय. त्यांच्या हातून गेलेल्या दारावर बोट फिरवून जखम कुठे होती हे सांगणे खुद्द मालकालाही साधत नसे. हातोडीचा एक घाव कमी पडला तर चालेल, अधिक पडता कामा नये, हे त्यांचे सूत्र. आणि ते सूत्र त्यांनी चाळीस वर्षे व्रतासारखे पाळले होते.

शेड लांबट होती. डावीकडच्या अर्ध्या भागात मास्तरांचे पत्र्याचे काम चाले आणि उजवीकडच्या अर्ध्या भागात त्यांच्या मित्राचे इंजिनाचे. मधे भिंत नव्हती. होता तो एक वाद. मित्र जपानी गाड्यांविषयी प्रवचनाला बसल्यासारखा बोलत असे, म्हणून त्याला जपानीबुवा म्हणत. पुढे जपानी गळून नुसते बुवा उरले. मास्तर जर्मन गाड्यांचे अभिमानी. त्यांचा युक्तिवाद दारापासून सुरू होई. जर्मन गाडीचे दार लावले की जाडजूड ग्रंथ मिटल्यासारखा धीरगंभीर नाद उमटतो, जपानी गाडीचे लावले की डब्याचे झाकण बसल्यासारखा. जिथे माणसे ताशी दोनशेच्या वेगाने गाडी हाकतात, तिथला कारागीर लोखंडात हात आखडता घेणार नाही, असे मास्तरांचे म्हणणे.

बुवांचे उत्तर खड्ड्यातून येई. शेडच्या त्यांच्या बाजूला जमिनीत पुरुषभर खोल खड्डा होता आणि त्यात उभे राहून ते वरच्या गाडीचे पोट तपासत. त्यामुळे त्यांचे प्रतिपादन बहुधा पाताळातून वर आल्यासारखे ऐकू येई.

“तुझी जर्मन गाडी म्हणजे जावई आहे, मास्तर,” ते म्हणत. “आला की घर सजतं. पण रुसेल कधी याचा नेम नाही, आणि एकदा रुसला की समजूत काढायला त्याच्या घरचाच माणूस बोलवावा लागतो. माझी जपानी म्हणजे थोरला मुलगा. कौतुक कुणी करत नाही, पण संसार त्याच्याच जिवावर चालतो.”

गुणवत्तेच्या प्रश्नावर मास्तर फार ताणून धरत नसत. जर्मन गाड्यांची तेलगळती आणि त्यांच्या तारांचे जंजाळ ते रोज शेजारी पाहत होते. खरी लढाई सुरक्षिततेवर होई. मास्तर म्हणत, टक्कर होते त्या क्षणी गाडी वीस वर्षे बिनतक्रार चालली होती हे सांगून प्राण वाचत नाहीत. तिथे लोखंडच लागते. बुवा म्हणत, जी गाडी आडरानात बंद पडत नाही, जिचा ब्रेक ऐनवेळी दगा देत नाही, ती टक्करच होऊ देत नाही. आणि झालीच, तर नाक चुरगळावे, शेपूट चुरगळावे, पण माणसे बसतात ती मधली खोली शाबूत राहावी. गाडीने मोडावे कुठे आणि मोडू नये कुठे, हे कळण्यालाच शहाणपण म्हणतात. मास्तर यावर हसत. परंतु वर्षानुवर्षे चुरगळलेली नाके उलगडताना, आत बसलेला माणूस खरचटण्यावर निभावला हे ऐकताना, त्यांना बुवांचे म्हणणे मनातल्या मनात पटत गेले होते. ते त्यांनी कबूल केले नाही एवढेच. वाद संपवण्यात दोघांनाही रस नव्हता.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी एक न्याय सांगितला आहे, स्थूणानिखननाचा. जमिनीत खांब रोवणारा मनुष्य तो रोवून झाल्यावर पुन्हा पुन्हा हलवून पाहतो. पाडण्यासाठी नव्हे, तर पक्का बसावा म्हणून. पूर्वपक्षाचे, म्हणजे उलट बाजूच्या म्हणण्याचे, काम तेच असते. बुवांनी मास्तरांचे मत तीस वर्षे हलवले आणि मास्तरांनी बुवांचे, आणि त्या हलवण्यामुळेच दोन्ही माणसे आपापल्या जागी घट्ट उभी राहिली.

मास्तर एकटे होते. आईच्या पश्चात शेडमागची एक खोली, लोखंडी पलंग, एक टेबल आणि भिंतीवरचे घड्याळ एवढाच त्यांचा संसार. चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने त्यांचे कान मंद झाले होते. त्यांच्याशी बोलायचे तर आवाज चढवावा लागे आणि तेवढी तसदी सहसा कुणी घेत नसे. बुवा घेत. रविवारी दुपारी मास्तरांना बुवांच्या घरी जेवण ठरलेले. बुवांच्या पत्नी, म्हणजे मास्तरांच्या वहिनी, त्यांना भावजी म्हणत आणि लेक काका म्हणे. नाती म्हणून जे काही मास्तरांच्या वाट्याला आले, ते सारे त्या एका घरात होते.

आठ महिन्यांपूर्वी बुवा गेले. महिनाभराचे आजारपण, त्यातले शेवटचे दहा दिवस रुग्णालयात. मास्तर रोज संध्याकाळी जाऊन बसत. खालच्या आवारातल्या वाहनतळाकडे बोट दाखवून बुवा क्षीण स्वरात गाड्या मोजत, एवढ्या आमच्या, एवढ्या तुमच्या. आणि मास्तरांना ते ऐकू येत नसे, म्हणून ते नुसती मान डोलावत.

त्यानंतर शेडची उजवी बाजू तशीच राहिली. मास्तरांनी ती कुणाला भाड्याने दिली नाही. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. सकाळी दार उघडताना ते अजूनही आधी डावा अर्धा भाग झाडत, मग क्षणभर थांबून उजवाही झाडत. आणि एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. कुणी गिऱ्हाईक जर्मन गाडीची थोरवी सांगू लागले की मास्तरांच्या तोंडून बुवांचे युक्तिवाद बाहेर पडत. जावई आणि थोरला मुलगा हा दृष्टान्त त्यांनी स्वतः दोनदा दिला. गिऱ्हाइके हसली, पण उलट उत्तर कुणी दिले नाही, आणि मास्तर कामाकडे वळले. प्रतिपक्ष नसला की स्वतःचे मतसुद्धा परक्याच्या घरातल्या खुर्चीसारखे वाटते. बसता येते, पण टेकता येत नाही.

अशा दिवसांत एक जर्मन गाडी कामाला आली. बाजूने जबर धडक बसून तिचा मधला खांब आत आला होता. मधला खांब म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधला उभा पोलादी आधार. त्यावर छत तोललेले असते, सीटबेल्टचा पट्टा त्यालाच जोडलेला असतो, आणि बाजूने आघात झाला तर आतल्या माणसांच्या बरगड्या आणि बाहेरचे जग यांच्यात तो एकच काय तो उभा असतो. या गाडीचा खांब बदलायचा होता. मास्तरांनी जोड सोडवण्यासाठी ड्रिल लावले. ड्रिल किंचाळले, धूर निघाला आणि टोक जळून बोथट झाले. दुसरे टोक लावले, त्याचीही तीच गत. तिसरे मोडले. इतके कठीण पोलाद त्यांनी पूर्वी छेदले नव्हते, आणि जर्मन कारागिरीविषयीचा त्यांचा जुना अभिमान क्षणभर उचंबळून आला.

सुट्या भागांच्या दुकानदाराने त्यांना वेगळे, खास टोक दिले आणि त्यासोबत चार छापील पाने. पानांवर गाडीचा सांगाडा रंगांत दाखवला होता. दुकानदाराने ओरडून समजावले, की लाल दाखवलेला भाग म्हणजे तापवून एकदम निववलेले, पाणी दिलेले पोलाद. त्याला ज्योत लावायची नाही. एकदा लावली की त्याचे पाणी उतरते. पुन्हा ते साधे लोखंडच. वाकला तर सरळ करायचा नाही, कापून नवा बसवायचा.

“हे जर्मन गाड्यांतच ना?” मास्तरांनी विचारले.

“कुठल्या जमान्यात आहात, मास्तर? जर्मन काय आणि जपानी काय, खांब सगळ्यांचे हेच. पंधरा-वीस वर्षं झाली.”

मास्तरांनी एका जपानी गाडीचे नाव आणि साल सांगून तिचे पान मागितले. दुकानदाराने ते काढून दिले. त्या गाडीचा मधला खांब लाल होता.

ते पान घडी करून मास्तर शेडमध्ये आले आणि बाकावर बसले. त्या दिवशी त्यांनी पुढे हातोडी उचलली नाही.

साडेसहा वर्षांपूर्वी बुवांची स्वतःची जपानी गाडी शेडसमोर उभी असताना एक मालवाहू ट्रक मागे येताना तिच्या कुशीत घुसला होता. गाडीत कुणी नव्हते. मधला खांब चार बोटे आत आला. बुवा म्हणाले होते, पत्र्याचा विषय तुझा, तुला योग्य वाटेल ते कर. मास्तरांच्या पिढीतला कारागीर जे करी तेच त्यांनी केले: गॅसची ज्योत लावून खांब लालभडक केला, साखळीने ओढला, आणि तो मेणासारखा जागेवर आला. निवल्यावर त्यांनी हातोडीने अखेरचा हात फिरवला आणि त्यांच्या ध्यानात आले, की गार झालेला खांबही हलक्या ठोक्याने दबतो आहे. महिन्याभरापूर्वीच एका जर्मन गाडीच्या खांबावर त्यांची हीच हातोडी उलटून आली होती. त्यांनी बुवांना खड्ड्यातून वर बोलावले, हातोडी त्यांच्या हातात दिली.

“मार. हळूच मार.”

बुवांनी मारली. खोच पडली.

“हा तुझा थोरला मुलगा,” मास्तर म्हणाले होते. “संसार चालवतो खरा. पण पाठीवर थाप मारली तरी वाकतो.”

बुवांनी ती खोच अंगठ्याने दोन-तीनदा चाचपली आणि हातोडी परत दिली. त्या दिवसापासून वादाचे एक अंग लुळे पडले. टिकाऊपणावर बुवा पूर्वीसारखेच कडाडत; पण सुरक्षिततेची गोष्ट निघाली की म्हणत, तो प्रांत तुमचा. तीस वर्षांत मास्तरांनी जिंकलेला तो एकमेव सामना.

न्यायशास्त्रात अशा अनुमानाला सोपाधिक म्हणतात. दिलेले कारण खरे भासते, पण निष्कर्ष येतो तो मधे लपलेल्या तिसऱ्याच गोष्टीमुळे. मास्तरांनी ज्योत न लागलेला जर्मन खांब आणि ज्योत लागलेला जपानी खांब यांची तुलना केली होती. मऊपणा जपानचा नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या हाताचा होता.

आणि ती गाडी अजून रस्त्यावर होती. दुसऱ्या गावी नोकरी करणारी बुवांची लेक चार दिवसांसाठी आईकडे आली होती. येत्या रविवारी बापाची गाडी घेऊन ती जाणार होती, सोबत सात महिन्यांचे मूल. पुढे रोज तासाभराचा हमरस्ता, जाताना मूल पाळणाघरात सोडायचे, येताना घ्यायचे.

सांगितले नाही तर कुणाला कळणार नव्हते. खांबावर रंग होता, रंगावर आतले आवरण होते, आणि काम मास्तरांच्या हातचे होते. म्हणजे जगातल्या कुठल्याही परीक्षकाच्या बोटाला ते सापडले नसते. सांगितले तर एक घर जाणार होते. मास्तरांनी हा हिशेब मनाशी सरळ मांडला. रविवारची दुपार, भावजी ही हाक, काका ही हाक. याखेरीज त्यांच्याकडे जाण्यासारखे काही नव्हते, आणि हे गेले की काही उरणारही नव्हते. बुधवारचा संबंध दिवस ते याच विचारात होते. आपली शंका खोटी ठरेल या आशेला त्यांनी त्या दिवशी बरेच पोसले.

गुरुवारी सकाळी ते बुवांच्या घरी गेले आणि लांबच्या प्रवासाआधी गाडी एकदा पाहून देतो असे सांगून ती शेडमध्ये घेऊन आले. लेकीने किल्ली आनंदाने दिली. दार उघडताच मास्तरांना दिसले की मागच्या आसनावर मुलाची खुर्ची आधीच पट्ट्यांनी बांधून ठेवली आहे, आणि ती नेमकी त्याच बाजूला आहे. खुर्चीत एक छोटा मोजा पडला होता. तो त्यांनी काढून खिशात ठेवला.

दोन्ही बाजूंच्या खांबांची आवरणे त्यांनी उतरवली. प्रथम दुसऱ्या बाजूच्या, धडक न लागलेल्या खांबावर, आवरणाखाली झाकून जाईल अशा जागी, साध्या ड्रिलचे टोक टेकवले. ते किंचाळले, तापले, निळे पडले. पोलादावर केवळ एक चकचकीत ठिपका उठला. मग त्यांनी तसलेच साधे, नवे टोक लावले आणि स्वतःच्या हातच्या खांबावर टेकवले. ड्रिल लाकडात जावे तसे आत गेले. भुशासारखे लोखंडाचे कुरळे केस बाहेर पडून त्यांच्या मनगटावर चिकटले.

मास्तरांनी ड्रिल बंद केले. बुवांचे खरे होते. तीस वर्षे खरे होते, आणि शेवटची सहा वर्षे ते हरलेले म्हणून जगले. हे ज्याला सांगायला हवे त्याच्या खड्ड्यावर फळ्या होत्या. मास्तर तिकडे वळले, त्यांचे ओठ हललेही; पण रिकाम्या जागेशी बोलण्याची त्यांना लाज वाटली आणि ते आवरणांचे स्क्रू गोळा करू लागले.

दुपारी ते चालतच बुवांच्या घरी गेले. वहिनी खिडकीशी बसून जुन्या पडद्याची शिवण उसवत होत्या. लेक मुलाला निजवून नुकतीच बाहेर आली होती. मास्तरांनी खिशातली छापील पाने टेबलावर पसरली आणि सांगायला सुरुवात केली. ते लांबून आले. पोलादाला पाणी कसे देतात इथून आले, जर्मन खांब आणि जपानी खांब एकाच जातीचे असतात इथवर आले, आणि लाल रंगावर बोट ठेवून थबकले. लेकीने विचारले, की काका, याचा आमच्या गाडीशी संबंध काय. तेव्हा त्यांनी एका वाक्यात सांगितले.

लेकीने पाने हातात घेतली, उलटसुलट करून वाचली. तिचा चेहरा बापासारखाच होता. राग आला की कानांच्या पाळ्या लाल होत.

“सहा वर्षं आई-बाबा त्यात बसत होते, काका,” ती म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता, तरी मास्तरांना प्रत्येक अक्षर ऐकू आले. “मागच्या महिन्यात मी बाळाला घेऊन बसले होते.”

“मला माहीत नव्हतं, पोरी.”

“तुम्हाला माहीत नाही हे बाबांना माहीत नव्हतं.”

खांब कापून नवा बसवतो, ज्योत न लावता, पानावर लिहिल्याबरहुकूम, तीन आठवडे लागतील, एवढेच मास्तर म्हणाले. लेक म्हणाली की ती रविवारी बसने जाईल. गाडीचे काय करायचे ते आई ठरवेल. मग ती उठून मुलापाशी आत गेली.

वहिनींची सुई हातातच होती. त्यांनी ती पडद्यात खोचून ठेवली, आणि बोलू लागल्या तेव्हा मास्तरांसाठी नेहमी चढवत तेवढा आवाज त्यांनी चढवला.

“म्हणून ते हळू चालवायला लागले होते होय.”

मास्तरांना कळले नाही.

“सहा वर्षं, भावजी. आधी कसे भरधाव जायचे, तुम्ही पाहिलंय. मग एकाएकी बैलगाडी. मागून लोक भोंगे वाजवायचे. मी म्हणायची, अहो, सायकलवाला पुढे गेला. तर म्हणायचे, जाऊ दे, माझ्या गाडीच्या अंगात बळ नाही. आणि त्या खांबाच्या बाजूला मला बसू द्यायचे नाहीत. चालवणं तिकडून, म्हणून स्वतः बसायचे. मी मागे बसले तर दुसऱ्या बाजूला. मला वाटायचं, वय झालं.”

मास्तर खाली पाहत होते. मित्राने तो पराभव हसण्यावारी नेला असेल असे ते सहा वर्षे धरून चालले होते. बुवांनी तो निकाल शब्दशः स्वीकारला होता. इतका की आपले शरीर त्या खांबाशेजारी ठेवून बायकोला पलीकडे बसवले होते. चुकीच्या निकालानेच त्या घरातल्या माणसांना जपले होते, हेही खरेच होते. पण त्याचे श्रेय घेण्याइतके मास्तर निर्लज्ज नव्हते.

“गाडी घेऊन जा,” वहिनी म्हणाल्या. “नीट करा. घाई करू नका.”

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी दुसरे काम घेतले नाही. नवा खांब लाकडी खोक्यातून आला. ती छापील पाने त्यांनी गाडीच्या काचेवर चिकटवली आणि प्रत्येक पायरी वाचून मगच केली. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांच्या हाताने कागदाची आज्ञा मानली. जुना खांब खास टोकाने सोडवला. मापे तीनदा घेतली. गॅसची नळकांडी त्यांनी शेडबाहेर नेऊन ठेवली होती. वापरायची नव्हतीच, पण सवयीचा भरवसा काय. जोड बसले, रंग चढला, आणि लेकीच्या निरोपावरून दुसऱ्या कार्यशाळेचा तंत्रज्ञ काम तपासायला आला. मास्तरांचे काम तपासायला याआधी कुणी आले नव्हते. ते बाजूला उभे राहिले, मागितले ते अवजार हाती देत राहिले. तंत्रज्ञाने काम बरोबर असल्याचे लिहून दिले आणि जाताना सहज विचारले की गाडी कुणाची. मास्तर म्हणाले, मित्राची.

रविवारी रस्ता मोकळा असतो, म्हणून लेकीच्या गावी गाडी पोचवण्याचा दिवस तोच ठरला. वहिनीही सोबत येणार होत्या. मास्तर दाराशी गेले तेव्हा वहिनींच्या पायाशी दोन मोठ्या बॅगा, एक शिवणयंत्र आणि दोरीने बांधलेली गादी होती. दाराला कुलूप लागले होते. मूल लहान, लेकीची नोकरी, इथे तरी एकटीने काय करायचे, असे वहिनी थोडक्यात म्हणाल्या. त्यांचा कुणावर राग दिसला नाही. मास्तरांनी सामान मागे नीट लावले, शिवणयंत्र धक्क्याने सरकू नये म्हणून गादी त्याला टेकवली, आणि वहिनींसाठी पलीकडचे दार उघडले.

हमरस्त्याला लागल्यावरही मास्तर डाव्या-उजव्या आरशांत पाहत सावकाश चालले होते. मालवाहू गाड्या भोंगे देत पुढे जात होत्या. अर्धी वाट सरल्यावर वहिनी म्हणाल्या, “आता थोडी वेगात घेतलीत तरी चालेल, भावजी.”

मास्तरांनी वेग वाढवला. गाडी तक्रार न करता धावली. खिडकीच्या फटीतून वारा येत होता आणि वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या होत्या की नाही, ते मास्तरांनी पाहिले नाही.

लेक इमारतीच्या दाराशीच उभी होती. तिने मूल आईकडे दिले, गाडीचे मागचे दार उघडले आणि नव्या खांबावर तळहात ठेवून वरपासून खालपर्यंत फिरवला, जसे कुणी तापलेल्याचे अंग पाहते. “ज्योत नाही लावली ना?” तिने विचारले. मास्तर नाही म्हणाले. तिने मान हलवली, किल्ली घेतली. वर चला, चहा घ्या, असे ती म्हणालीही. पण बस पाऊण तासात होती, आणि ते बोलावणे आणि तो नकार दोन्ही एकाच मापाचे होते. मास्तरांनी खिशातून मोजा काढून तिच्या हातात दिला. धुतलाय, म्हणाले.

बसमध्ये त्यांना मागची जागा मिळाली. शेजारच्या गृहस्थाने काही तरी विचारले. मास्तरांनी कानामागे हात धरला, तरी ऐकू आले नाही. गृहस्थाने पुन्हा विचारले नाही. बस सुटली, आणि लेकीच्या इमारतीवरून जाताना मास्तरांनी मान वळवून पाहिले. गाडी रस्त्याच्या कडेला सावलीत लागली होती आणि वहिनी तिच्यातून गादी ओढून काढत होत्या.